दहाच्या ठोक्यानंतर

ब्रिटनमधल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान रात्री दहा वाजता संपते. बिग बेनचे ठोके पडतात आणि बीबीसी, आयटीव्ही व स्काय या तिन्ही वाहिन्यांवर एकाच वेळी एकच अंदाज झळकतो: कोणत्या पक्षाला किती जागा मिळणार. तिथून पुढे रात्रभर, पहाट उलटून सकाळ चढेपर्यंत प्रक्षेपण चालू राहते. हे पुस्तक या प्रक्षेपणाबद्दल आहे. १९५० पासूनच्या रात्री पुढच्या प्रकरणांत एकेक करून येतील. त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, एवढेच या प्रस्तावनेत मांडायचे आहे. या रात्रीचा जीव स्टुडिओत नसतो, अशी माझी धारणा आहे. स्टुडिओतले चमचमते नकाशे, रंग बदलणाऱ्या भिंती, नामवंत सूत्रधार आणि माजी मंत्र्यांचे चर्चामंडळ ही सगळी सजावट. जीव असतो तो गावोगावच्या क्रीडा संकुलांत आणि टाउन हॉलांत मांडलेल्या मोजणीच्या टेबलांवर, आणि त्या टेबलांपासून चार पावलांवर असलेल्या मंचावर. मते मोजली जात आहेत हे लोकांना दाखवायचे, आणि सत्ता हातची जात असलेला माणूस सगळ्यांदेखत आपला आकडा ऐकतो तेही दाखवायचे, हे टेलिव्हिजनचे त्या रात्रीचे खरे काम. ते करायला ज्या ज्या वेळी टेलिव्हिजन धीराने थांबले त्या त्या वेळी त्याच्या हातून फार मोलाचे काही घडले. अंदाजालाच निकाल मानून ते पुढे धावले, तेव्हा तोंडघशी पडले.

या प्रक्षेपणाचा जन्म कसा झाला ते पाहिले तर ही धारणा निव्वळ आवडीनिवडीची नाही, हे पटेल. २३ फेब्रुवारी १९५० च्या रात्री बीबीसीने पहिल्यांदा निवडणुकीचे निकाल पडद्यावर आणले. प्रक्षेपण अलेक्झांड्रा पॅलेसमधून झाले. तेव्हा टेलिव्हिजन लंडनच्या परिसरात आणि अगदी नुकतेच बर्मिंगहॅमच्या बाजूला दिसू लागले होते. देशभरात परवाने होते जेमतेम साडेतीन लाख. निर्मितीची धुरा ग्रेस विंडम गोल्डी यांनी वाहिली, सूत्रधार होते युद्धवार्ताहर चेस्टर विल्मट, आणि आकड्यांचा अर्थ सांगायला ऑक्सफर्डचे आर. बी. मॅकॅलम आणि अवघ्या पंचवीस वर्षांचे डेव्हिड बटलर बसले होते. याच बीबीसीने त्या निवडणुकीच्या प्रचाराबद्दल बातम्यांत अक्षरही उच्चारले नव्हते. पक्षांना ठरवून दिलेली भाषणे तेवढी प्रसारित झाली. आपल्या एखाद्या वाक्याने मत इकडचे तिकडे झाले असा ठपका येईल, या धास्तीने संस्थेने जिभेला कुलूप घातले होते. ते १९५८ पर्यंत टिकले. त्या वर्षी ग्रॅनडा कंपनीने रॉचडेलची पोटनिवडणूक पडद्यावर आणली, आणि १९५९ पासून प्रचाराचे वार्तांकन रुळले. म्हणजे ब्रिटिश टेलिव्हिजनवर मतमोजणी आधी आली आणि प्रचार पुष्कळ नंतर. मतदान संपले, पेट्यांना सील लागले, आता कोणाचे मत वळवण्याचा प्रश्न नाही. उरले ते जे झाले आहे ते सांगणे. या एका मुद्द्यावर कॅमेऱ्याला परवानगी मिळाली होती. साक्षीदाराची ही मूळ भूमिका ध्यानात ठेवली तर पुढच्या पाऊणशे वर्षांतले बरेवाईट नीट तोलता येते.

आता ती मोजणी जरा जवळून पाहू. ब्रिटनमध्ये मत आजही कागदावर, पेन्सिलीने फुली मारून दिले जाते आणि हाताने मोजले जाते. पेटी हॉलमध्ये येते, टेबलावर पालथी केली जाते, घडी घातलेल्या कागदांचा ढीग पडतो. आधी पडताळणी होते. मतदान केंद्रावरून इतक्या मतपत्रिका दिल्या गेल्या असे हिशेबात लिहिलेले असते, तितक्या पेटीत निघाल्या का, ते मोजतात. या टप्प्यात कोणाला किती हा प्रश्नच नसतो. मग उमेदवारनिहाय वाटणी, गठ्ठे, गठ्ठ्यांची फेरतपासणी, आणि संशयास्पद मतपत्रिका बाजूला काढून त्यांचा सर्वांसमक्ष निवाडा. टेबलाच्या एका बाजूला मोजणारे असतात. पलीकडच्या बाजूने पक्षांचे लोक वाकून उभे असतात, हातात कागद, आणि उलगडणाऱ्या प्रत्येक मतपत्रिकेगणिक त्यांच्या कागदावर एकेक रेघ पडत जाते. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला निकालाच्या दिवशी सकाळपासून फेरीगणिक बदलणारे कल पाहायची सवय आहे. अमुक आघाडीवर, तमुक पिछाडीवर. ब्रिटनमध्ये अधिकृत कल नसतातच. मतदारसंघाची सगळी मते मोजून होईपर्यंत निवडणूक निर्णय अधिकारी कोणत्याही उमेदवाराचा आकडा जाहीर करत नाही. त्यामुळे स्टुडिओला वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नसते, आणि निकाल येतो तो एकदम, पुरा. सगळे उमेदवार मंचावर रांगेत उभे राहतात, अधिकारी ध्वनिक्षेपकापाशी येतो, ठरावीक कायदेशीर वाक्य म्हणतो आणि आडनावांच्या अक्षरक्रमाने एकेकाची मते वाचतो. आधी कोण जिंकले ते सांगून मोकळे होणे नाही. पंतप्रधानाचे आडनाव शेवटच्या अक्षरांतले असले तर आधीच्या सगळ्यांचे आकडे त्यालाही उभ्याने ऐकावे लागतात.

४ जुलै २०२४ च्या रात्रीनंतर, पहाटे पावणेपाचच्या सुमारास, नॉर्थॅलर्टनच्या मंचावर हेच घडले. पंतप्रधान ऋषी सुनक स्वतःची जागा जिंकले होते, पण देश हरले होते. त्याच मंचावर काउंट बिनफेस या नावाने लढलेला, डोक्यावर कचऱ्याच्या डब्याच्या आकाराचे शिरस्त्राण घातलेला उमेदवार होता. त्याला ३०८ मते पडली होती. पाचशे पौंडांची अनामत भरून कोणीही उभे राहावे, पाच टक्के मते मिळाली नाहीत तर ती गमवावी, असा नियम आहे, आणि निकालाच्या मंचावर पंतप्रधानाला आणि त्याला सारखीच जागा असते. २०१७ साली मेडनहेडमध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांच्या शेजारी लॉर्ड बकेटहेड नावाची डोक्यावर काळी बादली चढवलेली आकृती उभी होती. हे चित्र जगभर हसण्यावारी नेले जाते. मला त्यात हसण्यासारखे फार वाटत नाही. देशाचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीला त्या क्षणी खुर्ची नाही, व्यासपीठावर वेगळी रांग नाही, पहारेकऱ्यांचे कडे नाही, आणि तिच्या नावापुढचा आकडा इतरांच्याच आवाजात वाचला जातो. हे दृश्य नुसते वर्णनाने पोचत नाही, डोळ्यांनीच पाहावे लागते. मजूर पक्षाने बहुमताचा ३२६ चा आकडा अजून ओलांडलेला नव्हता, तरी सुनक यांनी त्या मंचावरून पराभव मान्य केला आणि त्या पक्षाचे नेते कीर स्टार्मर यांना फोन करून अभिनंदन केल्याचे सांगितले. सत्तांतराची पहिली औपचारिक खूण राजवाड्यात उमटली नव्हती, संसदेतही नाही. ती उत्तर यॉर्कशरमधल्या मतमोजणीच्या हॉलमध्ये उमटली, आणि लाखो लोकांनी ती पाहिली.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. मध्यरात्री मोजणी कशाला? चौदा-पंधरा तास मतदान घेऊन थकलेल्या यंत्रणेने रात्रीतून मोजायचे, ते टेलिव्हिजनचा कार्यक्रम रंगावा म्हणून का? २०१० च्या निवडणुकीआधी हा वाद खरोखर पेटला. टपाली मतांच्या सह्या पडताळण्याचे वाढलेले काम, खर्च आणि दमलेले कर्मचारी ही कारणे देऊन अनेक स्थानिक प्रशासनांनी मोजणी शुक्रवारी सकाळी घ्यायचे ठरवले होते. त्याविरुद्ध निकालाची रात्र वाचवण्याची मोहीम उभी राहिली, सर्व पक्षांचे खासदार तिच्यात आले, आणि २०१० च्या कायद्यात तरतूद झाली की, मतदान संपल्यापासून चार तासांच्या आत मोजणी सुरू करण्यासाठी अधिकाऱ्याने वाजवी ते सर्व प्रयत्न करावेत. कॅमेऱ्यासाठी कायदा वाकवला, असा अर्थ कोणी काढेल. पण पेटी बंद झाली आणि उघडली यांच्यामधला वेळ जितका कमी, तितकी शंकेला जागा कमी, हा विचार टेलिव्हिजनपेक्षा कितीतरी जुना आहे. घाईचा दोष मात्र मान्य करायला हवा. संडरलंडने पहिला निकाल देण्याची जणू परंपराच केली. काळ्या पेट्या घेऊन धावणारी तरुण मुले, हातोहात साखळी, आणि २००१ मध्ये अवघ्या ४३ मिनिटांत जाहीर झालेला संडरलंड साउथचा निकाल. अशी शर्यत जिथे मताधिक्य भरभक्कम असते तिथेच परवडते. अटीतटीच्या जागी हीच यंत्रणा थांबते, फेरमोजणी घेते, गरज पडली तर उजाडू देते. १९९७ मध्ये विंचेस्टरची जागा मार्क ओटन यांनी दोन मतांनी जिंकली. पन्नासहून अधिक मतपत्रिकांवर अधिकृत शिक्का नसल्यामुळे त्या बाद ठरल्या होत्या, प्रकरण न्यायालयात गेले, निवडणूक रद्द झाली, आणि नोव्हेंबरमधल्या पोटनिवडणुकीत तेच ओटन २१,५५६ मतांनी निवडून आले. रात्रीच्या उजेडात झालेले काम दिवसा तपासले जाते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. साक्षीदार म्हणून कॅमेरा काय करू शकतो तेही २०१० मध्ये दिसले. दहा वाजले तेव्हा शेफील्ड, मँचेस्टर, लंडन अशा ठिकाणी मतदान केंद्रांबाहेर रांगा होत्या, दारे बंद झाली आणि सुमारे बाराशे जण मत न देता परतले. त्यांचा संताप त्याच रात्री देशाने पाहिला. २०१३ मध्ये कायदा बदलला. आता दहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्याला मत देता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो या रात्रीचा पायाच काढून घेतो. दहा वाजता एक्झिट पोल सगळे सांगून टाकतो, मग पुढचे आठ तास कशासाठी? या आक्षेपाला अलीकडच्या आकड्यांचे बळ आहे. २००५ मध्ये मजूर पक्षाला ६६ चे बहुमत मिळेल असे चाचणीने सांगितले आणि तेवढेच मिळाले. २०१० मध्ये हुजूर पक्षाला ३०७ जागा सांगितल्या, त्या जवळजवळ तंतोतंत उतरल्या. २०१५ मध्ये लिबरल डेमोक्रॅटांना दहा जागा हा अंदाज पाहून त्यांचे ज्येष्ठ नेते पॅडी ॲशडाउन यांनी, हे खरे निघाले तर मी माझी टोपी खाईन, असे स्टुडिओतच सांगून टाकले. प्रत्यक्षात त्यांच्या पक्षाला आठच मिळाल्या. या अचूकतेमागे जॉन कर्टिस, डेव्हिड फर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली पद्धत आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. सुमारे सव्वाशे ते दीडशे मतदान केंद्रे निवडतात, शक्य तिथे मागच्या निवडणुकीतलीच. बाहेर पडणाऱ्या मतदाराच्या हाती मतपत्रिकेची नक्कल देतात. तो तिच्यावर पुन्हा खूण करून ती पेटीत टाकतो, कोणाला तोंडाने काही सांगावे लागत नाही. मग त्याच केंद्रावरच्या मागच्या आकड्यांशी तुलना करून बदल किती झाला ते मोजतात आणि तो बदल कसल्या वस्तीत कसा होतो यावरून प्रत्येक मतदारसंघात जिंकण्याची शक्यता काढतात. कोणाला किती टक्के, या सरळ प्रश्नापेक्षा काय बदलले, या प्रश्नाला उत्तर मिळवणे सोपे असते. पद्धतीचे सगळे बळ यात आहे.

तरीही याच चाचणीचा सबंध इतिहास समोर ठेवला तर आक्षेप ढिला पडतो. १९७० मध्ये ग्रेव्हझेंड या एका मतदारसंघातल्या चाचणीने वारे ओळखले खरे, पण ऑक्टोबर १९७४ मध्ये मजूर पक्षाला शंभराहून अधिक बहुमत सांगितले गेले आणि मिळाले तीन. १९८७ मध्ये बीबीसीने हुजूर पक्षाचे बहुमत २६ चे सांगितले, आले १०२. सगळ्यांत बोलकी रात्र १९९२ ची. दहा वाजता बीबीसीने हुजूर ३०१, मजूर २९८ अशी त्रिशंकू संसद दाखवली. स्टुडिओत आघाड्यांची गणिते सुरू झाली. साडेअकराच्या आत एसेक्समधल्या बॅझिल्डनचा निकाल लागला. मजूर पक्षाला सत्ता हवी तर जी जागा यायलाच हवी ती हुजूर पक्षाच्या डेव्हिड एमेस यांनी राखली, आणि मंचावरचे त्यांचे हसू पाहून देशाला कळले की अंदाज कोसळला. हुजूर पक्षाचे पंतप्रधान जॉन मेजर २१ च्या बहुमताने परत आले. एका हॉलमधल्या मोजून झालेल्या कागदांनी राष्ट्रीय अंदाज खोडून काढला. आणि २०२४ च्या यशस्वी अंदाजातही काय चुकले ते पाहा. मजूर पक्षाच्या ४१० जागा जवळजवळ बिनचूक, पण रिफॉर्म यूकेला १३ सांगितल्या, मिळाल्या ५. लिबरल डेमोक्रॅटांना ६१ सांगितल्या, मिळाल्या ७२. सरकार कोणाचे, हे दहा वाजता कळते. माझ्या गावाचा प्रतिनिधी कोण, हे कळत नाही, आणि ब्रिटिश मतदार मत देतो ते आपल्या गावच्या प्रतिनिधीलाच.

म्हणूनच या रात्रीच्या आठवणी सरकारांच्या नसून माणसांच्या असतात. १ मे १९९७ च्या मध्यरात्रीनंतर तीन वाजून गेल्यावर एनफील्ड साउथगेटमध्ये संरक्षणमंत्री मायकेल पोर्टिलो हरले. टोनी ब्लेअर यांचा विजय तोवर नक्की झाला होता, तरी पोर्टिलोंच्या वेळी जागे होतात का, असे एकमेकांना विचारण्याचा प्रघात पडला, तो आजतागायत आहे. २०१५ मध्ये सकाळी आठच्या पुढे मजूर पक्षाचे एड बॉल्स यांची जागा ४२२ मतांनी गेली. २०२४ मध्ये माजी पंतप्रधान लिझ ट्रस ६३० मतांनी पडल्या. यात क्रौर्य आहे, हरलेल्या माणसाचा चेहरा जवळून दाखवून टेलिव्हिजन एक प्रकारची शिकार करते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यातला माणुसकीचा भाग मला मान्य आहे. हरलेल्याच्या कुटुंबावर कॅमेरा रोखून धरणे कधीही समर्थनीय नाही. पण स्वतः त्या मंत्र्याबाबत मात्र तो आक्षेप लागू होत नाही. पोर्टिलोंनी तो क्षण ज्या सभ्यतेने निभावला, विजेत्या तरुण स्टीफन ट्विग यांच्याशी हात मिळवून शांतपणे बोलले, त्याने त्यांची प्रतिमा पुढे उजळलीच. सत्ता जाताना माणूस कसा वागतो, हे पाहण्याचा नागरिकाला हक्क आहे, कारण सत्ता त्याच्याच मतावर दिली गेली होती.

तिसऱ्या आक्षेपापुढे माझी बाजू पुरती टिकत नाही, हे आधीच सांगतो. जागांचा हिशेब दाखवणारी ही रात्र मतांची वाटणी झाकते. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर सुमारे दोन तृतीयांश जागा मिळाल्या. रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के मते आणि ५ जागा. लिबरल डेमोक्रॅटांना १२.२ टक्के आणि ७२. पडद्यावर रंगलेला नकाशा पाहणाऱ्याला ही विसंगती जाणवतच नाही. याचे एक मूळ स्विंगोमीटरमध्ये आहे. दोन मोठ्या पक्षांमध्ये मत सरासरीने किती झुकले ते दाखवणारा हा लंबक १९५९ मध्ये राष्ट्रीय प्रक्षेपणात आला, रॉबर्ट मॅकेंझींनी तो लोकप्रिय केला आणि पुढे पीटर स्नो यांनी त्याचा अक्षरशः खेळ मांडला. दोन पक्षांनी जवळजवळ सगळी मते वाटून घेतलेल्या देशात तो खरे बोलत होता. २०१५ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीने स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा घेतल्या त्या रात्री या लंबकाजवळ सांगण्यासारखे काही उरले नव्हते. वाहिन्यांनी मतांची टक्केवारी जागांइतक्याच ठळकपणे, निकालाच्या पहिल्या तासापासून दाखवायला हवी होती आणि ती उशिरापर्यंत मागे राहते, हा दोष मी त्यांच्या पदरात घालतो. मात्र मतांचे आणि जागांचे हे व्यस्त प्रमाण निवडणूक पद्धतीतून येते. ते लोकांना कळले तेही याच मोजणीमुळे, प्रत्येक मतदारसंघाचा पुरा आकडा उघड वाचला गेल्यामुळे.

या लंबकाला भारताशी जोडणारा एक धागा आहे. १९५० च्या त्या रात्रीचे तरुण बटलर पुढे भारतीय निवडणुकांकडे वळले. अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांच्यासोबत त्यांनी १९८४ मध्ये भारतीय निवडणुकांच्या आकड्यांचा संग्रह सिद्ध केला. झुकाव मोजायच्या ब्रिटिश पद्धतीला त्यांनी विरोधकांच्या एकजुटीच्या निर्देशांकाची जोड दिली, कारण इथे मुख्य प्रश्न मत किती झुकले एवढाच नव्हता, विरोधकांची मते किती फुटली हाही होता. १९८९ मध्ये दूरदर्शनवर प्रणय रॉय आणि विनोद दुआ यांनी निकाल सांगितले, ते पाहत मराठी घरांतली एक पिढी मोठी झाली. पुढे २०२४ मध्ये दोन्ही देशांचे निकाल बरोबर एका महिन्याच्या अंतराने आले, ४ जूनला आपले आणि ४ जुलैच्या रात्री त्यांचे. इथल्या बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर नेले होते. मोजणीत २९३ निघाल्या. मोजणीला अंदाजाच्या वर ठेवावे, हे इथेही नव्याने शिकावे लागले.

२०२४ च्या त्या रात्रीचा शेवट शुक्रवारी झाला नाही. ५ जुलैला स्टार्मर पंतप्रधान झाले, मंत्री नेमले गेले, स्टुडिओतले दिवे मालवले, नकाशांच्या भिंती उतरवल्या गेल्या. ६४९ निकाल लागले होते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या इन्व्हर्नेस, स्काय अँड वेस्ट रॉस-शर या एका मतदारसंघात मात्र पडताळणीत निघालेल्या मतपत्रिका आणि मोजलेली मते यांचा मेळ बसत नव्हता. त्या निकालाने सरकार बदलणार नव्हते, बहुमतावर फरक पडणार नव्हता, रात्रभर जागलेले प्रेक्षक केव्हाच झोपून उठले होते. अधिकाऱ्यांनी मोजणी थांबवली, पेट्या बंद केल्या आणि फेरमोजणी शनिवारी सकाळी ठेवली. ६ जुलैला लोक पुन्हा हॉलमध्ये आले, गठ्ठे पुन्हा सोडले, पलीकडच्या बाजूला पक्षांचे लोक पुन्हा वाकून उभे राहिले. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे अँगस मॅक्डोनाल्ड निवडून आले, आणि नव्या मंत्रिमंडळाची पहिली बैठक झाली त्याच दिवशी सहाशे पन्नासावा आकडा वाचला गेला.